क्रिप्टो पडलाय, घ्यायचा का? पैसे टाकण्याआधीचा हिशेब

बाजार कोसळला की आमच्या ग्राहकांचा प्रश्न ठरलेला असतो: 'आता स्वस्तात मिळतोय, घेऊन टाकू का?' घ्यायचे की नाही ते तुम्ही ठरवा. भावाचे गणित आणि कर आम्ही सांगतो.

नोव्हेंबर २०२१ मध्ये बिटकॉइन सुमारे ६९,००० डॉलरवर होता. जून २०२२ च्या सुरुवातीला तो ३०,००० च्या आसपास आला. 'निम्म्याहून खाली आला' म्हणून ज्यांनी तेव्हा सगळी रक्कम एकदम टाकली, त्यांची ती रक्कम त्याच वर्षीच्या नोव्हेंबरपर्यंत निम्मी झाली. भाव १५,५०० पर्यंत उतरला होता. जुना उच्चांक ओलांडायला मार्च २०२४ उजाडला. म्हणून एकूण रक्कम आधीच ठरवा, तिचे आठ-दहा हप्ते पाडा आणि दर महिन्याच्या ठरावीक तारखेला एकच हप्ता टाका, भाव काहीही असो. उसनवारीचा पैसा यात नको. पुढच्या दोन-तीन वर्षांत फी किंवा लग्नकार्याला लागणारा तर नकोच.

ऑर्डर लिमिटची लावा, म्हणजे तुम्ही ठरवलेल्या भावाच्या वर खरेदी होणार नाही. घबराटीत खरेदी-विक्रीच्या भावांतली तफावत वाढते आणि मार्केट ऑर्डर (मिळेल त्या भावाची) भलत्याच भावाला लागते. एक्सचेंज (जिथे कॉइनची खरेदी-विक्री होते तो मंच) एफआययू-इंडियाकडे (संशयास्पद व्यवहारांवर नजर ठेवणारी केंद्र सरकारची संस्था) नोंदणीकृत आहे का, हेही तपासा.

बिटकॉइन सावरला म्हणजे बाकीचेही सावरतील, असे नाही. मे २०२२ मध्ये लूना हा दुसरा कॉइन आठवडाभरात सुमारे ८० डॉलरवरून जवळजवळ शून्यावर आला. पडत्या भावात 'ॲव्हरेज' करत, म्हणजे सरासरी खरेदी भाव खाली आणायला आणखी घेत, बसलेल्यांचे नवे पैसेही जुन्यांबरोबर बुडाले.

आता कर. खरी गफलत इथेच होते. नफ्यावर ३० टक्के, त्यावर ४ टक्के उपकर (आर्थिक वर्ष २०२५-२६ चा दर). खरेदी किंमत सोडून दुसरा कोणताही खर्च वजा होत नाही, एक्सचेंजचे शुल्कसुद्धा नाही. एका कॉइनचा तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वळता करता येत नाही, पुढच्या वर्षी ओढताही येत नाही. समजा, बिटकॉइनमध्ये ४०,००० रुपये मिळाले आणि दुसऱ्या कॉइनमध्ये ४०,००० गेले. हातात शून्य, तरी कर १२,४८० रुपये! शेअरची सवय असलेले इथे हमखास फसतात.

भाव पडताना बिटकॉइन देऊन यूएसडीटी (डॉलरशी भाव बांधलेला कॉइन) घेतले, तर तीही विक्रीच. बँकेत रुपया आला नाही तरी नफा असेल तर कर लागतो. विक्रीच्या पूर्ण रकमेवर १ टक्का टीडीएस कापला जातो, नफा असो वा तोटा. तो फॉर्म २६एएसमध्ये (तुमच्या नावावर कापलेल्या कराचा तपशील) दिसतो का ते बघा आणि विवरणपत्रात वळता करून घ्या.

कॉइन एक्सचेंजवरून स्वतःच्या वॉलेटमध्ये (कॉइन स्वतःच्या ताब्यात ठेवण्याचे ॲप किंवा उपकरण) नेताना दोन्हीकडे नेटवर्क, म्हणजे कॉइन ज्या मार्गाने जातो तो, एकच निवडा. टीआरसी-२० (ट्रॉन नेटवर्क) चा पत्ता आणि दुसरेच नेटवर्क अशी गल्लत झाली, तर रक्कम परत मिळेलच असे नाही. आधी किरकोळ रक्कम पाठवा, ती पोचली की उरलेली.

विवरणपत्रासाठी येताना प्रत्येक एक्सचेंजचा पूर्ण ट्रेड रिपोर्ट आणा, स्क्रीनशॉट नकोत. रिपोर्ट दर तिमाहीला उतरवून ठेवा. एक्सचेंज बंद पडले तर खरेदी किमतीचा पुरावा मागायचा कोणाकडे?