मार्टिनीत जिन की वोडका: वादामागचा इतिहास

मार्टिनी हे कॉकटेल मागवलं की बारटेंडर आधी विचारतो, जिन की वोडका? शंभर वर्षांपूर्वी हा प्रश्न निघालाच नसता. तेव्हा मार्टिनी जिनचीच असायची. मग वोडका या पेल्यात शिरली कधी, आणि इतकी घट्ट बसली कशी? बहुतेक जण जेम्स बाँडचं नाव घेऊन मोकळे होतात. मला ते पटत नाही. या बदलाचं खरं कारण जिनमध्येही नाही आणि वोडकातही नाही. ते व्हर्मुथच्या बाटलीत आहे.

व्हर्मुथ म्हणजे वनस्पतींचा अर्क उतरवलेली, थोडं मद्यार्क घालून टिकाऊ केलेली वाइन. १७८६ साली इटलीतल्या तुरीन शहरात अँतोनियो बेनेदेत्तो कार्पानोने तिची गोड जात बाजारात आणली. फ्रान्समध्ये जोसेफ न्वालीने १८१३च्या सुमारास कोरडी, म्हणजे गोड नसलेली, फिकट जात तयार केली. ही गोड व्हर्मुथ अमेरिकेत पोचली आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तिथल्या बारटेंडरांनी ती व्हिस्कीत मिसळून मॅनहॅटन बनवलं. मार्टिनीचा उगम या मॅनहॅटनपाशी आहे. ओ. एच. बायरनच्या १८८४च्या पुस्तकात 'मार्टिनेझ' नावाच्या पेयाची कृती एका ओळीत उरकली आहे: मॅनहॅटनसारखंच करा, फक्त व्हिस्कीऐवजी जिन घाला.

चार वर्षांनी, १८८८ साली, हॅरी जॉन्सनच्या पुस्तकात मार्टिनी आली. ओल्ड टॉम नावाची गोडसर जिन आणि व्हर्मुथ निम्मी-निम्मी, त्यात साखरेचा पाक, बिटर्स म्हणजे कडू अर्काचे थेंब आणि थोडी क्युरासाओ ही संत्र्याची गोड दारू. आजच्या मार्टिनीप्रेमीला हे पेय ओळखूही येणार नाही. नावाचं श्रेय कॅलिफोर्नियातलं मार्टिनेझ गाव स्वतःकडे घेतं, तर काही जण तुरीनच्या मार्टिनी कंपनीच्या व्हर्मुथकडे बोट दाखवतात. मला हे भांडण निष्फळ वाटतं. जिन आणि व्हर्मुथ एकाच फळीवर होत्या, त्या कुणीतरी मिसळणारच होतं.

गोडवा गेला तो यंत्रामुळे. १८३० साली डब्लिनच्या एनियस कॉफी याने अखंड चालणाऱ्या, स्तंभाच्या आकाराच्या भट्टीचं पेटंट घेतलं. तिच्यातून निघणारा मद्यार्क आधीपेक्षा कितीतरी स्वच्छ होता. मद्यार्काचा वाईट वास झाकायला साखरेची गरज उरली नाही आणि हळूहळू लंडन ड्राय जिन रूढ झाली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला या कोरड्या जिनची कोरड्या फ्रेंच व्हर्मुथशी गाठ पडली, सोबत संत्र्याच्या बिटर्सचे एक-दोन थेंब. ड्राय मार्टिनी ती हीच.

इथे थोडं थांबायला हवं. जिनमध्ये ज्युनिपर या झुडपाची सुगंधी फळं असतात, सोबत धने, अँजेलिकाचं मूळ, लिंबूवर्गीय साली. व्हर्मुथमध्ये दवण्याच्या कुळातली कडू वनस्पती आणि इतर कितीतरी औषधी पाला-मुळं. या दोन्ही मुळात मसाल्यांच्या बाटल्या आहेत. निम्म्या-निम्म्या किंवा दोनास एक प्रमाणात मिसळल्या की एकीचा कडवटपणा दुसरीच्या सुगंधाला आधार देतो. त्या काळच्या मार्टिनीत वोडका सुचण्याचं कारणच नव्हतं, कारण पेयाचा सगळा अर्थ या दोन अर्कांच्या भेटीत होता.

१९२० ते १९३३ अमेरिकेत दारूबंदी होती. व्हिस्की वर्षानुवर्षं पिंपात मुरावी लागते. मद्यार्कात ज्युनिपरचं तेल घातलं की चोरटी जिन मात्र लगेच तयार होई. बंदी उठेपर्यंत एका पिढीला जिनची सवय लागली होती. अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट व्हाइट हाउसमध्ये पाहुण्यांसाठी स्वतः मार्टिनी मिसळत.

यानंतर व्हर्मुथची घसरण सुरू झाली. जिन आणि व्हर्मुथचं प्रमाण तीनास एक झालं, पाचास एक झालं, आणखी पुढे गेलं. पंधरास एक प्रमाणाला ब्रिटिश सेनापती माँटगोमेरीचं नाव मिळालं, कारण शत्रूच्या पंधरापट सैन्य असल्याशिवाय तो लढत नाही असं चेष्टेने म्हटलं जाई. जितकी कमी व्हर्मुथ तितका पिणारा जाणकार, अशी समजूत पसरली. माझ्या मते एक साधं कारणही तिच्या मदतीला आलं. व्हर्मुथ शेवटी वाइन आहे. उघडी बाटली काउंटरवर पडून राहिली की ती उतरते, आणि उतरलेल्या व्हर्मुथची मार्टिनी प्यायलेला माणूस पुढच्या वेळी 'व्हर्मुथ कमीच घाला' म्हणणारच.

नेमक्या याच काळात वोडका दाराशी आली. रशियन क्रांतीनंतर देश सोडलेल्या व्लादिमीर स्मिर्नोवकडून रुडॉल्फ कुनेटने त्याच्या स्मिर्नोफ वोडकाचे अमेरिकेतले हक्क घेतले आणि कनेक्टिकटमधल्या बेथेल गावात कारखाना काढला. तो फारसा चालला नाही. १९३९ साली ह्युब्लाइन कंपनीच्या जॉन मार्टिनने अवघ्या १४,००० डॉलरना हा व्यवसाय विकत घेतला. दुसरं महायुद्ध संपल्यावर जाहिरातींतून सांगितलं गेलं की स्मिर्नोफ प्यायल्यावर तोंडाला वास येत नाही. अमेरिकी नियमांतही वोडकाची व्याख्या बराच काळ हीच होती: ठळक चव, वास किंवा रंग नसलेला मद्यार्क. ही अट २०२० साली काढली गेली.

आता दोन्ही धागे जोडून पाहा. मार्टिनीतून व्हर्मुथ जवळजवळ हद्दपार झाली होती. उरली होती थंडगार जिन आणि एक ऑलिव्ह. जिनचा सुगंध ज्याच्याशी जुळायचा ते पेल्यात नव्हतंच. मग ज्याला ज्युनिपर आवडत नव्हतं त्याने जिनच्या जागी वोडका मागितली तर त्याचं काय चुकलं? जागा रिकामी होती, वोडका तिथे बसली.

बाँडचा क्रम यानंतरचा आहे. १९५३च्या 'कसिनो रोयाल' कादंबरीत तो जे पेय मागवतो त्यात तीन माप जिन, एक माप वोडका आणि अर्धं माप किना लिले ही व्हर्मुथसारखी फ्रेंच वाइन आहे, म्हणजे दोन्ही एकत्र. कादंबऱ्यांमध्ये तो जिनची मार्टिनीही पितो. १९६२पासूनच्या चित्रपटांनी मात्र वोडका मार्टिनी जगभर नेली. पसरवण्याचं श्रेय त्यांचं नक्की, पण वाट आधीच मोकळी झाली होती.

पुढच्या दशकांत मार्टिनीचं नाव पेल्याच्या आकारापुरतं उरलं. सफरचंदाची, चॉकलेटची, त्रिकोणी पेल्यात ओतलं की काहीही मार्टिनी. नव्या शतकात वारं फिरलं. २००५ साली न्यूयॉर्कमध्ये उघडलेल्या ऑड्री साँडर्सच्या पेगू क्लब या बारने निम्म्या-निम्म्या प्रमाणाची मार्टिनी पुन्हा मांडली, छोट्या भट्ट्यांवरच्या नव्या जिन आल्या, आणि बारमधली व्हर्मुथ फ्रिजमध्ये जाऊ लागली.

मी स्वतः जिनच्या बाजूचा आहे, आणि तेही तीनास एकपेक्षा कोरडी, म्हणजे त्याहून कमी व्हर्मुथची नाही. बर्फात ढवळून, वर लिंबाच्या सालीचं तेल. शेकरमध्ये हलवली तर हवा आणि बर्फाचे कण मिसळून पेय ढगाळ होतं, पाणीही जास्त सुटतं. जिनच्या मार्टिनीत मला तो पातळपणा खटकतो. ऑलिव्हचं खारं पाणी घालून केलेल्या डर्टी मार्टिनीत मात्र मी वोडकाच निवडेन. तिथे मीठच पुढे असतं आणि ज्युनिपर त्याच्याशी भांडतं.

वोडका आवडणाऱ्यांना माझं आग्रहाचं सांगणं आहे की व्हर्मुथ कमी करू नका, वाढवा. दोनास एक घ्या, बाटली ताजी असू द्या. वोडकाची स्वतःची चव मंद असल्याने चांगल्या व्हर्मुथचा कडवटपणा आणि फुलांचा वास तिच्यात जिनपेक्षाही स्पष्ट कळतो. ही मार्टिनी जिनवाल्यांनीही एकदा करून पाहावी.