रक्तवाहिन्या घडवणाऱ्या पेशी: शोध, गोंधळ आणि वाढवण्याची धडपड

कोल्हापुरात कसबा बावड्याच्या डी. वाय. पाटील अभिमत विद्यापीठात मूलपेशी आणि पुनरुज्जीवन वैद्यकाचा विभाग आहे. त्यामुळे ‘रक्तवाहिन्या तयार करणाऱ्या मूलपेशी (स्टेम सेल) प्रयोगशाळेत वाढवायच्या आणि रुग्णाला द्यायच्या’ ही गोष्ट इथल्या लोकांना आता फार परकी राहिलेली नाही. पण ही कल्पना आली कुठून आणि इतकी वर्षे ती नेमकी कशात अडकली, हे समजून घेतल्याशिवाय तिच्याकडून किती आशा ठेवायची ते ठरवता येत नाही.

आपल्या भागाचा या विषयाशी थेट संबंध आहे तो तंबाखूमुळे. महामार्गाने तासाभराच्या आत निपाणी येते, तिथला तंबाखू आणि विडीचा धंदा पिढ्यान् पिढ्यांचा. हातापायांच्या लहान आणि मध्यम धमन्या सुजून, त्यांत गुठळ्या होऊन बंद पडण्याचा एक आजार तंबाखू ओढणाऱ्या तरुण पुरुषांना गाठतो. १८७९ मध्ये फेलिक्स फॉन विनिवार्टर यांनी त्याचे वर्णन केले आणि १९०८ मध्ये न्यूयॉर्कच्या लिओ बर्गर यांनी तो सविस्तर मांडला, म्हणून तो बर्गरचा आजार. चालताना पोटरी भरून येते, मग बसल्या जागी, रात्रीसुद्धा पाय ठणकतो, बोट काळे पडते आणि शेवटी कापावे लागते. तंबाखू पूर्ण सोडणे हाच त्यावरचा खात्रीचा उपाय. बायपास इथे बहुतेकदा चालत नाही, कारण मुख्य कालवा दुरुस्त केला तरी टेलच्या शेताकडच्या चाऱ्याच बुजलेल्या असतील तर पाणी जाणार कुठे? पावलाच्या बारीक वाहिन्यांचे तसेच होते. म्हणून नव्या बारीक वाहिन्याच तिथे उगवता आल्या तर, हा विचार पुढे आला.

गर्भात रक्तवाहिन्या सुट्या पेशींपासून जागच्या जागी तयार होतात, हे फ्लॉरेन्स सेबिन यांनी गेल्या शतकाच्या दुसऱ्या दशकात कोंबडीच्या गर्भात सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले होते. जन्मानंतर मात्र असे काही होत नाही, असलेल्या वाहिनीलाच नवे फाटे फुटतात, अशी समजूत पुढे पक्की झाली. १९७१ मध्ये बोस्टनचे जुडा फोकमन यांनी मांडले की कर्करोगाच्या गाठीला वाढायचे तर स्वतःसाठी वाहिन्या ओढून घ्याव्या लागतात. तेव्हापासून वाहिन्या कशामुळे फुटतात याचा कसून शोध सुरू झाला. १९७३ मध्ये बाळाच्या नाळेतल्या शिरेच्या आतले अस्तर सुटे करून त्या पेशी काचपात्रात वाढवण्याची रीत बसली. प्रसूतीनंतर टाकून दिल्या जाणाऱ्या नाळेने या शास्त्राला एवढे दिले आहे की तिचे ऋण मानायलाच हवे. १९८९ मध्ये या अस्तरपेशींना वाढायला लावणारा व्हीईजीएफ हा घटक ओळखला गेला.

खरी कलाटणी १९९७ ची. बोस्टनमध्ये जेफ्री इसनर यांच्या गटात ताकायुकी असाहारा यांनी प्रौढ माणसाच्या साध्या रक्तातून सीडी३४ ही खूण असलेल्या पेशी वेगळ्या केल्या. पात्रात त्या लांबट झाल्या आणि अस्तरपेशींची लक्षणे दाखवू लागल्या. ज्यांच्या पायाचा रक्तपुरवठा तोडला होता अशा प्राण्यांना त्या टोचल्या, तेव्हा त्या नव्या वाहिन्यांमध्ये जाऊन बसलेल्या दिसल्या. म्हणजे मोठेपणीही रक्तात वाहिन्या घडवू शकणाऱ्या पूर्वपेशी फिरत असतात! पाच वर्षांत, २००२ मध्ये, जपानी डॉक्टरांनी रुग्णांच्या स्वतःच्या अस्थिमज्जेतल्या पेशी त्यांच्याच पोटरीत टोचून निकाल प्रसिद्ध केले. रुग्णांची संख्या पन्नासच्या आत होती, पण वेदना कमी झाल्या, चालणे वाढले. जगभर अशा चाचण्यांची रीघ लागली.

इथेच घाई झाली, असे माझे मत आहे. आपण नक्की कोणती पेशी टोचतो आहोत हे तेव्हा कुणालाच नीट ठाऊक नव्हते. पात्रात चारपाच दिवसांत दिसणाऱ्या पेशींच्या वसाहती आणि दोनतीन आठवड्यांनी उगवणाऱ्या, फरशीसारख्या एकाला एक लागून पसरणाऱ्या वसाहती, दोन्ही एकाच नावाने मोजल्या जात होत्या. इंडियाना विद्यापीठात मर्विन योडर आणि डेव्हिड इंग्राम यांच्या गटाने हा गुंता सोडवला. २००४ मध्ये त्यांनी दाखवले की उशिरा उगवणाऱ्या पेशी नाळेच्या रक्तात प्रौढांच्या रक्तापेक्षा जास्त असतात आणि कितीतरी अधिक वेळा विभागतात. २००७ चा प्रयोग तर फार सुंदर आहे. एका रक्तविकारात रक्त बनवणाऱ्या मूलपेशीतच जेएके२ या जनुकाचा विशिष्ट बदल असतो. अशा रुग्णांच्या रक्तातून दोन्ही प्रकारच्या वसाहती वाढवल्या. लवकर उगवलेल्यांत तो बदल सापडला, उशिरा उगवलेल्यांत नाही. पहिल्या मुळात रक्तपेशींच्याच कुळातल्या निघाल्या. त्या स्राव सोडून आसपासच्या वाहिन्यांना मदत करतात, स्वतः वाहिनी होत नाहीत. प्राण्यात टोचल्यावर खरोखर रक्त वाहणारी नळी बांधतात त्या दुसऱ्या.

पण या दुसऱ्या पेशी रक्तात फारच विरळ असतात, म्हणून त्या वाढवाव्या लागतात. पात्राच्या तळाला कोलॅजेनसारख्या प्रथिनाचा थर, व्हीईजीएफसकट वाढीचे घटक आणि पोषणासाठी सीरम, अशी त्यांची सोय करतात. हे सीरम बहुधा वासराच्या गर्भाच्या रक्ताचे. प्रयोगाला ते चालते, पण माणसाला द्यायच्या पेशींसाठी प्राण्याची प्रथिने आणि संसर्ग यांची धास्ती राहते. २००९ मध्ये ऑस्ट्रियातल्या ग्राझच्या संशोधकांनी त्याऐवजी माणसाच्या बिंबाणूंचा (प्लेटलेट्सचा) अर्क वापरून या पेशी मोठ्या प्रमाणात वाढवून दाखवल्या. आणखी एक अडचण वयाची आहे. पेशी जितक्या वेळा विभागतात तितक्या त्या म्हाताऱ्या होतात, म्हणून भरपूर वाढवणे आणि तरुण राखणे या दोन्हींचा मेळ घालावा लागतो.

दरम्यान सरसकट मज्जापेशी टोचण्याच्या उपचाराला धक्का बसला. नेदरलँड्समधल्या १६० रुग्णांच्या चाचणीत या पेशी पायाच्या धमनीत सोडल्या होत्या. काहींना खऱ्या पेशी, काहींना नुसते द्रावण, आणि कोणाला काय हे रुग्णालाही माहीत नाही. २०१५ मध्ये आलेल्या निकालात मोठे अंगच्छेद टळण्यात काहीच फरक दिसला नाही. भारतात बंगळूरच्या स्टेमप्युटिक्सने वेगळी वाट धरली: निरोगी दात्यांच्या मज्जेतल्या मेसेनकायमल (हाड, कूर्चा, चरबी घडवू शकणाऱ्या) पेशी वाढवून, गोठवून ठेवायच्या आणि पोटरीत टोचायच्या. बर्गरच्या आजारासाठी त्यांना २०१६ मध्ये केंद्रीय औषध नियंत्रकांची मर्यादित परवानगी मिळाली आणि २०२० मध्ये तिची व्याप्ती वाढली. या पेशीही मुख्यतः स्रावांतून काम करतात. वाहिनी बांधणारी पेशी रुग्णाला देणे हा त्याच्या पुढचा टप्पा आहे.

म्हणून कागल, राधानगरीकडून दुखरा पाय घेऊन शहरात येणाऱ्या माणसाने ‘स्टेम सेल’ एवढ्या शब्दावर पैसे मोजू नयेत, असे मला कळकळीने वाटते. परवानगी मिळालेले औषध आहे की चाचणी, ते विचारावे. चाचणी असेल तर भारतीय नोंदणीतला तिचा क्रमांक मागावा. नोंदलेल्या चाचणीत प्रायोगिक उपचाराचे पैसे रुग्णाकडून घ्यायचे नसतात.

मधुमेह्यांचा प्रश्न तर अजून मोकळाच आहे. पायाच्या न भरणाऱ्या जखमा त्यांच्यात सर्वाधिक, आणि मधुमेहात या पूर्वपेशींची संख्या आणि जोम दोन्ही घटतात. रुग्णाच्या स्वतःच्याच पेशी वाढवाव्यात तर त्या मुळात अशक्त असतात. नाळेच्या रक्तातल्या पेशी जोमदार, पण परक्या, आणि प्रतिकारशक्ती त्यांना किती दिवस टिकू देईल यावर सध्या काम चालू आहे.