परदेशी एमबीए म्हणजे थेट मॅनेजरची खुर्ची?

दारव्हा-दिग्रसकडे एक समज पक्का बसलाय : पोरगं परदेशातून एमबीए करून आलं की मोठ्या मॉलमध्ये थेट मॅनेजर होतं. त्यापायी वावर गहाण पडतं, म्हणून स्पष्ट सांगतो, हे खरं नाही. जर्मनीच्या आल्डीसारख्या किराणा दुकानांच्या साखळीतही नव्या पदवीधराला आधी दुकानातच राबावं लागतं. गल्ला सांभाळायचा, फळ्यांवर माल लावायचा. 2002 मध्ये पवईत डीमार्टचं पहिलं दुकान काढणाऱ्या राधाकिशन दमाणींनी तर बीकॉमही अर्धवट सोडलं होतं.

शिक्षण वाया जात नाही. कोणता माल किती दिवसांत खपतो, पैसा कुठे अडकतो, हे आकड्यांत मांडायला ते शिकवतं. पण कापूस विकेपर्यंत उधारी किती सोसायची, हे आपल्या किराणावाल्याच्या पोराला आधीच ठाऊक असतं. प्रवेशाच्या अर्जात तेच लिहा, न लाजता.