मॅथ्स ग्रुप की बायो ग्रुप? एका जुन्या वाटणीची पार्श्वभूमी

दहावीचा निकाल लागला की लातूरच्या ट्यूशन एरियात एकच प्रश्न ऐकू येतो : ग्रुप कोणता? पीसीएम म्हणजे जेईई, पीसीबी म्हणजे नीट. चारही विषय घेणारी पोरं असतात, पण बहुतेकदा ‘इकडं नाही जमलं तर तिकडं’ म्हणून. गणित आणि जीवशास्त्र एकमेकांना लागतात म्हणून कुणी ते घेतल्याचं माझ्या तरी ऐकण्यात नाही. अशा वेळी एखाद्या प्राध्यापकाच्या नावाखाली ‘अभियांत्रिकी जीवशास्त्र, नियंत्रण अभियांत्रिकी आणि कृत्रिम बुद्धिमत्ता’ असं एका दमात लिहिलेलं दिसलं की पालक बुचकळ्यात पडतात. दोन दगडांवर पाय ऐकलं होतं, हे तीन दगड कुठले?

खरं तर हे तिघे एकाच घरातले. मधल्या काळात वाटणी झाली होती, एवढंच.

घर समजून घ्यायला गच्चीवरच्या टाकीतला बॉलकॉक पुरेसा आहे. पाणी चढलं की फुगा वर येतो, फुगा वर आला की धार बंद. आता शेतातल्या मोटारीला लावलेला ऑटो आठवा. रात्री दोनला लाइट आली की मोटार सुरू. वाफा भरलाय की फुटून पाणी शेजाऱ्याच्या रानात चाललंय, याची त्याला खबर नाही. पहिल्यात फीडबॅक आहे, म्हणजे झालेला परिणाम पाहून स्वतःला आवरणं; दुसऱ्यात नाही. नियंत्रण अभियांत्रिकीचा सगळा पसारा या फरकावर उभा आहे. वॉटने १७८८ मध्ये वाफेच्या इंजिनाला गव्हर्नर, म्हणजे वेग आपोआप आवरणारं यंत्र, बसवला, मॅक्सवेलने १८६८ मध्ये त्याचं गणित मांडलं, मिनोर्स्कीने १९२२ मध्ये जहाजाच्या सुकाणूवरून आजच्या पीआयडी या नियंत्रणाच्या रीतीचा पाया घातला. साखर कारखान्याच्या बॉयलरवर काम करणाऱ्याला पीआयडी म्हणजे काय ते सांगायला नको.

शरीरही असंच चालतं, हे शरीरशास्त्रज्ञांना वेगळ्या वाटेने कळलं होतं. वॉल्टर कॅननने १९२६ मध्ये त्याला होमिओस्टॅसिस हे नाव दिलं. त्याच्याच प्रयोगशाळेत काम केलेला मेक्सिकोचा आर्तुरो रोझेनब्लूथ पुढे गणितज्ञ नॉर्बर्ट वीनरचा दोस्त झाला. दुसऱ्या महायुद्धात वीनर विमानावर तोफ कशी रोखावी याचं गणित करत होता. फीडबॅक प्रमाणाबाहेर गेला की तोफ नेम धरण्याऐवजी मागे-पुढे झुलायला लागते. त्याने रोझेनब्लूथला विचारलं, माणसात असा काही आजार आहे का? आहे, उत्तर आलं. लहान मेंदूला इजा झालेला रोगी पेला उचलायला जातो तेव्हा त्याचा हात नेमका असाच झुलतो. माझ्या मते या विषयाचा जन्म त्या प्रश्नोत्तरात आहे. १९४३ मध्ये दोघांनी बिगेलोसोबत त्यावर निबंध लिहिला. त्याच वर्षी मॅककलक हा मेंदूचा अभ्यासक आणि पिट्स हा गणित स्वतःच शिकलेला तरुण, या दोघांनी चेतापेशीचं तर्कगणित मांडलं. आजच्या न्यूरल नेटवर्कची ती आजी. १९४८ मध्ये वीनरने या सगळ्याला सायबरनेटिक्स म्हटलं : प्राणी आणि यंत्र, दोन्हींतलं नियंत्रण आणि संदेशवहन. १९५५-५६ मध्ये तो कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत येऊन राहिलाही होता.

मग वाटणी झाली. १९५६ च्या उन्हाळ्यात डार्टमथला जॉन मॅकार्थी आणि मंडळी ‘कृत्रिम बुद्धिमत्ता’ हे नवं नाव घेऊन जमली. वीनरच्या सावलीत राहायचं नव्हतं, हेही त्या नावामागचं एक कारण होतं, असं मॅकार्थीने नंतर सांगितलं. (त्याच वर्षी १ नोव्हेंबरला मराठवाडा हैदराबाद राज्यातून मुंबई राज्यात आला. आपल्याकडे तेव्हा विद्यापीठही नव्हतं. ते १९५८ चं. तेव्हाच्या औरंगाबादेतलं शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९६० चं.) नियंत्रणवाले क्षेपणास्त्रं आणि अवकाशयानांकडे गेले, जीवशास्त्रवाले डीएनएकडे.

पण ज्याच्या त्याच्या वाट्याला आलेल्या जमिनीत जुन्या घराच्या विटा निघतच राहिल्या. १९६१ मध्ये झाकोब आणि मोनो यांनी दाखवलं की जिवाणू दुधातली साखर पचवणारं विकर उगाच बनवत नाही. ती साखर समोर असेल तरच जनुकाचा स्विच उघडतो. जनुकांना स्विच असतात म्हटल्यावर वायरिंगही करता आलं पाहिजे! त्याला जवळपास चाळीस वर्षं लागली. जानेवारी २००० मध्ये ‘नेचर’च्या एकाच अंकात दोन निबंध आले. एकात कॉलिन्स आणि सहकाऱ्यांनी ई. कोलाय जिवाणूत दोन अवस्थांचा स्विच बसवला. दुसऱ्यात एलोविट्झ आणि लायबलर यांनी तीन जनुकं अशी जोडली की प्रत्येकाने पुढच्याला दाबायचं, आणि जिवाणू काही तासांच्या ठेक्यात हिरवा उजळू-विझू लागला. मात्र ठेका नीट नव्हता. शेजारच्या दोन पेशींचं ताल-सूर जुळेना. इथे कंट्रोलच्या माणसांची गरज पडली.

त्यांनी आणलेली मोठी गोष्ट म्हणजे पीआयडीतला ‘आय’, म्हणजे इंटिग्रल, साठत जाणारी बेरीज. किराणा दुकानातल्या उधारीच्या वहीसारखं ते काम करतं. हवं किती आणि मिळालं किती यातली तफावत दर घटकेला वहीत चढत जाते, आणि बाकी शून्य होईपर्यंत तगादा सुटत नाही. पेशीत ही वही ठेवायची कशी? ईटीएच झुरिक या स्विस विद्यापीठाच्या बाझेलमधल्या विभागातल्या मुस्तफा खम्माशच्या गटाने २०१६ मध्ये तोड सुचवली. एक रेणू अपेक्षेच्या प्रमाणात बनवायचा, दुसरा प्रत्यक्ष उत्पादनाच्या प्रमाणात. दोघं भेटले की एकमेकांना संपवतात. जे उरतं ती बाकी. २०१९ मध्ये हे जिवंत ई. कोलायमध्ये करून दाखवलं गेलं.

कृत्रिम बुद्धिमत्ता परत आली ती समीकरणं अपुरी पडली तिथे. अमिनो आम्लांची माळ, म्हणजे प्रथिन, कशी दुमडेल हे हाताने काढणं अशक्यप्राय होतं. २०२० मध्ये अल्फाफोल्ड या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रणालीने ते बऱ्याच अंशी सोडवलं आणि २०२४ चं रसायनशास्त्राचं नोबेल बेकर, हसाबिस व जंपर यांना गेलं. त्याच वर्षीच्या भौतिकीच्या नोबेलमधले जॉन हॉपफील्ड मला जास्त मोलाचे वाटतात. १९७४ मध्ये त्यांनी पेशी आपल्या नकलेतल्या चुका कशा गाळते ते मांडलं, १९८२ मध्ये स्मृतीचं न्यूरल नेटवर्क. आपल्याकडचं उदाहरण मथुकुमल्ली विद्यासागर यांचं. गुंटूरचा जन्म, नाव झालं नियंत्रण सिद्धांतात; १९८९ पासून बंगळूरच्या कृत्रिम बुद्धिमत्ता व यंत्रमानव केंद्राचे संचालक, पुढे हैदराबादेत टीसीएसमध्ये, आणि तिथून संगणकीय जीवशास्त्रात. वाट वाकडी दिसते, पण ती एकाच प्रश्नाच्या मागे गेलेली आहे.

राहता राहिलं अभियांत्रिकी जीवशास्त्र, म्हणजे सजीवात हवी ती जनुकं आणि स्विच जोडण्याचं शास्त्र. ते मराठवाड्याच्या रानात केव्हाच येऊन गेलंय. १९६४ मध्ये बद्रीनारायण बारवाले यांनी जालन्यात उभ्या केलेल्या महिकोच्या संकरित वाणांतून २६ मार्च २००२ रोजी देशात बीटी कपाशीला परवानगी मिळाली. त्यातलं जनुक मातीतल्या एका जिवाणूचं. ते चालू ठेवणारा स्विच फुलकोबीच्या वर्गातल्या भाज्यांवरच्या विषाणूकडून घेतलेला. हा स्विच कायम चालू. अळी असो-नसो, झाड विष बनवतच राहतं. म्हणजे मोटारीचा ऑटोच. अळीत प्रतिकार येऊ नये म्हणून ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबत १२० ग्रॅम नॉनबीटीची पुडी येई. ती कडेने पेरायची होती. फार थोड्यांनी पेरली. शेतकऱ्याला बोल लावणं सोपं आहे. पण आपल्याच रानात अळीसाठी पीक राखा, असं कोरडवाहू माणसाला सांगताना त्याच्या तोट्याची बाकी कुणाच्या वहीत चढत होती? २०१७ च्या खरिपात गुलाबी बोंडअळीने बोंडं पोखरली आणि उभी कपाशी नांगरून टाकायची पाळी आली. फीडबॅकचा लूप माणसाने उघडा ठेवला होता, तो अळीने बंद केला.

चावा बसल्यावरच जागे होणारे स्विच वनस्पतींत असतात. ते बीटी जनुकाला जोडून पाहण्याचे प्रयोग भातावर झालेत. असा स्विच कधी, किती उघडावा, शिवारभरच्या अळ्यांवर त्याचा दहा वर्षांत काय परिणाम होईल, हे सांगायला तिन्ही शास्त्रं एकाच डोक्यात लागतात.

केंद्राने ऑगस्ट २०२४ मध्ये जैवतंत्रज्ञानावर आधारित उत्पादनाला चालना देणारं बायोई-३ धोरण मंजूर केलं. आपल्याकडे नांदेडच्या श्री गुरू गोविंदसिंगजी संस्थेत इन्स्ट्रुमेंटेशन आहे, परभणीत १९७२ पासून कृषी विद्यापीठ आहे, जालन्यात २०१८ पासून रसायन तंत्रज्ञान संस्थेचा परिसर आहे. एका औताचे बैल तीन गोठ्यांत. आणि राज्याच्या सीईटीत पीसीएम व पीसीबी हे गट अजून वेगळे, पेपरही वेगळ्या दिवशी. दोन्हीला बसायची मुभा आहे. फी मात्र दोन्हीची भरावी लागते.