टकटक वाजली म्हणून लगेच बॅटरी बदलू नका

पावसाळा लागला की मुंबईतल्या कुठल्याही सोसायटीच्या पार्किंगमध्ये एखादी जुनी बाईक सेल्फ मारल्यावर नुसतीच टक-टक-टक-टक करत असते आणि भोवती जमलेले एकमताने सांगतात, बॅटरी गेली. नवीन बॅटरी बसते, थोडे दिवस चालतं, मग परत तेच. अहो, तो आवाज बॅटरीचा नाहीच, रिलेचा, म्हणजे सेल्फच्या मोटरला करंट जोडणाऱ्या चुंबकी स्विचचा आहे, आणि नीट ऐकला तर फॉल्ट कुठल्या बाजूला आहे ते तोच सांगतो.

इंजिन फिरवणाऱ्या सेल्फच्या मोटरला उठताना ५० ते १०० अँपिअर करंट लागतो. तेवढा हँडलवरच्या चिमुकल्या बटणातून गेला तर बटण जळेल, म्हणून बटण फक्त रिलेच्या कॉइलला करंट देतं, कॉइलचं चुंबक होतं, ते आतली दांडी ओढतं आणि जाड कॉन्टॅक्ट जुळतात. आता बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरी-हिरवी भुकटी जमलीये, तिचा रोध ०.१ ओहम धरा. कॉइल घेते जेमतेम एखाद-दोन अँपिअर, म्हणजे ०.१-०.२ व्होल्ट गेले, तिला पत्ताही लागत नाही. पण मोटर जोडली गेली की ७० गुणिले ०.१, सात व्होल्ट त्या भुकटीतच संपले! वर बॅटरीच्या स्वतःच्या आतल्या रोधात एक-दोन. बारापैकी कॉइलला उरले चारेक, चुंबक ढिलं पडलं, दांडी सुटली, मोटर तुटली, व्होल्टेज परत वर, चुंबक परत ओढतं... शाळेतली विद्युत घंटा अशीच वाजायची, तीच ही, फक्त नको तिथे. मला हे भयंकर आवडतं.

म्हणजे भराभर टकटक आली तर गडबड कॉइल आणि मोटर दोघांच्या सामाईक वाटेवर, बॅटरी किंवा तिची टर्मिनल्स. एकच 'टक' आणि लाइट मंद न होता शांतता, तर रिलेचे कॉन्टॅक्ट, पुढची केबल, इंजिनची अर्थिंग नाहीतर मोटरचे कार्बन (आत घासत करंट देणारे तुकडे). काहीच आवाज नाही तर फ्यूज, किल स्विच, क्लच स्विच.

मल्टिमीटर ओहमवर लावून ०.१ शोधू नका, त्याच्या वायरींचाच रोध तेवढा असतो. डीसी व्होल्टवर ठेवा, एक टोक बॅटरीच्या शिशाच्या खुंटीवर, दुसरं तिच्यावर आवळलेल्या वायरच्या टोकावर, आणि कोणाला तरी सेल्फ दाबायला सांगा. अर्धा व्होल्ट दिसला तरी चोर सापडला. हँडलला लिंबू-मिरची बांधून रोध कमी होत नाही आणि ते 'व्होल्टेज बूस्टर' नावाचे डबेही त्याच पंगतीतले.

सापडला की आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, गरम पाणी आणि खायचा सोडा, मग पॉलिश पेपर, घट्ट आवळून वरून व्हॅसलीन, कारण आपल्याकडची खारी हवा गप्प बसत नाही. टर्मिनल्स स्वच्छ असूनही टकटक चालूच असेल तर बाईक बंद असताना बॅटरी मोजा: चार्ज असलेली १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते, आणि रात्रभर चार्जिंगनंतरही १०.५ वर अडली तर सहापैकी एक सेल मेलाय, मग खुशाल नवीन घ्या.