एसएमबी-१ सर्व्हरशी लिनक्सची जोडणी

विंडोज एक्सपी, विंडोज सर्व्हर २००३ किंवा त्या काळातली साठवणपेटी (नॅस) यांवरच्या सामायिक फोल्डरला आजचा लिनक्स संगणक जोडण्याची पद्धत. हे सर्व्हर एसएमबी या फाइल-वाटप प्रोटोकॉलची फक्त पहिली आवृत्ती बोलतात. दुसरी आवृत्ती विंडोज व्हिस्टाबरोबर आली, ती त्यांना कळत नाही.

पूर्वी यात करण्यासारखे काही नव्हते, कारण लिनक्सच आपणहून पहिली आवृत्ती वापरत असे. २०१७ मध्ये कर्नल (लिनक्सचा गाभा) ४.१३ ने ही सवय मोडली. तेव्हापासून जुना सर्व्हर माउंट करायला, म्हणजे त्याचा फोल्डर आपल्या संगणकाला जोडायला, गेले की ‘होस्ट इज डाउन’, त्रुटी क्रमांक ११२, असे उत्तर येते. संदेश चक्क दिशाभूल करणारा आहे. सर्व्हर चालू असतो, पिंगला उत्तरही देतो. फक्त नव्या आवृत्तीतली बोलणी न समजल्याने तो जोडणी तोडतो. केबल आणि स्विच तपासण्यात तास घालवण्याआधी माउंटच्या आज्ञेत ‘व्हर्स’ या पर्यायापुढे १.० लिहून पाहावे.

सांबा या लिनक्सवर एसएमबी बोलणाऱ्या सॉफ्टवेअरच्या ४.११ आवृत्तीनेही २०१९ मध्ये एसएमबी-१ मुळातच बंद ठेवले. तिथे सांबाच्या मांडणीच्या फाइलीत ‘क्लायंट मिन प्रोटोकॉल’ला एनटी१ (म्हणजे एसएमबी-१) ही किंमत द्यावी लागते. पण ही नोंद सांबाच्या स्वतःच्या साधनांपुरतीच. कर्नलचे माउंट ती फाइल वाचत नाही. एका जागी बदल करून दुसरीकडे फरक पडण्याची वाट पाहणे ही नेहमीची चूक. पासवर्ड तपासण्याची जुनी एनटीएलएम पद्धत कर्नल ५.१५ मधून काढूनच टाकली, त्यामुळे तेवढीच येणाऱ्या सर्व्हरपुढे ‘व्हर्स’चीही मात्रा चालत नाही.

जोडणी झाली तरी सगळ्या फाइली रूटच्या (लिनक्सच्या मुख्य प्रशासकाच्या) मालकीच्या दिसतात. ‘यूआयडी’ पर्यायाने त्या आपल्या नावावर करून घ्याव्यात. देवनागरी नावांसाठी ‘आयओकॅरसेट’ला यूटीएफ-८ द्यावे. अक्षरसंच चुकला तर ‘पगारपत्रक’च्या जागी नऊ प्रश्नचिन्हे उमटू शकतात. अक्षरे सहाच, पण काना आणि हलन्त वेगळे मोजले जातात. पासवर्ड ‘एफएसटॅब’मध्ये (काय काय माउंट करायचे त्या यादीच्या फाइलीत) उघडा न लिहिता फक्त रूटला वाचता येईल अशा स्वतंत्र फाइलीत ठेवतात. ‘नोफेल’ही जोडावे, म्हणजे म्हातारा सर्व्हर बंद असला तरी आपला संगणक सुरू होताना अडून बसत नाही.

एसएमबी-१ वरची वाहतूक कूटबद्ध नसते. विंडोजमधल्या त्याच्या अंमलबजावणीतली चूक ‘इटर्नलब्लू’ या हल्ल्याच्या साधनाने वापरली आणि मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हे खंडणी मागणारे घातक सॉफ्टवेअर पसरले. मायक्रोसॉफ्टची दुरुस्ती मार्चमध्येच आली होती, लावली मात्र अनेकांनी नव्हती. वॉनाक्रायनंतर पुढच्याच महिन्यात नॉटपेट्या या दुसऱ्या घातक सॉफ्टवेअरने हीच फट वापरली आणि न्हावा शेवा बंदरातल्या एका कंटेनर टर्मिनलचे कामही विस्कळीत झाले.

म्हणून अशा सर्व्हरला इंटरनेटपासून तोडून वेगळ्या व्हीलॅनमध्ये (नेटवर्कच्या स्वतंत्र कप्प्यात) ठेवतात. त्याहून बरी युक्ती म्हणजे मध्ये एक लिनक्स यंत्र बसवणे: ते जुने फोल्डर केवळ वाचण्यापुरते माउंट करते आणि बाकी कार्यालयाला सांबामार्फत एसएमबी-३ ने देते. जुन्या सर्व्हरवर लिहिणारे एखादे यंत्र अजून चालू असेल, तर त्याची वाट तेवढी उघडी ठेवावी लागते.