लर्निंगवर विदेशात गाडी? नाही चालत

आमच्याकडे पानठेल्यावर वर्षानुवर्षं एकच सांगतात: लर्निंग लायसन्स काढा, त्यावर आंतरराष्ट्रीय परवाना मिळतो, मग थायलंडला जाऊन खुशाल गाडी चालवा. यवतमाळकडची पोट्टी सहलीला, कामाला निघतात आणि यावर विसंबतात, म्हणून लिहितोय.

हे खोटं आहे. आरटीओ आंतरराष्ट्रीय परवाना देतं ते पक्क्या लायसन्सवरच. तो एक वर्ष चालतो. लायसन्स आधी संपलं तर तोही संपतो. लर्निंगची मुदत 6 महिन्यांची आणि ते फक्त शिकण्यापुरतं. आपल्याच गावात त्यावर चालवताना लाल 'एल' लावावा लागतो, शिकवणारा सोबत लागतो. तिकडे त्याला कोण विचारणार?

आणखी एक, बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. पक्कं लायसन्स नुसतं कारचं असेल, तर परवान्यावर मोटरसायकलच्या 'ए' वर्गाचा शिक्का बसत नाही. मग तिकडच्या दुकानदाराने भाड्याने मोटरसायकल दिली तरी ती चालवणं बेकायदाच. अपघात झाला तर विमा कंपनी बहुधा हात वर करते, आणि परक्या मुलखातल्या दवाखान्याचं बिल भरायला घरच्यांना वावर विकावं लागू शकतं.

लर्निंगनंतर 30 दिवसांनी पक्क्याची परीक्षा देता येते. तेवढं थांबा.